नम्रता नेमकी कोणाला शिकवायची?



आजचे मनन एका कबुलीने सुरू करावे लागत आहे.

सणाचा दिवस होता. पटांगणात मंडप घातला होता. पुढे लाल गालिचा, त्यावर भाड्याने आणलेले चार सोफे, त्यामागे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा आणि सगळ्यांत मागे, जिथे चपला काढतात तिथे, दरी अंथरलेली. स्वयंसेवकाचा बिल्ला आमच्या छातीवर होता. मिस्सा संपली होती, कार्यक्रमाला थोडा वेळ होता. तेवढ्यात चर्चचे अंगण वर्षानुवर्षे झाडणाऱ्या मावशी आल्या आणि पुढच्या एका सोफ्यावर बसल्या. पहाटेपासून त्या कामाला लागल्या होत्या. पाय दुखत असतील, जागा रिकामी दिसली, बसल्या. इतक्यात फाटकाशी पाहुण्यांची गाडी थांबली. आम्ही लगबगीने गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "मावशी, जरा मागे बसता का? पाहुणे येऊन राहिले."

मावशी उठल्या. काही बोलल्या नाहीत. मागे जाऊन दरीवर बसल्या.

संध्याकाळी खुर्च्या मोजताना कोणीतरी म्हणाले, "मावशी किती नम्र आहेत, पाहा. एक शब्द बोलल्या नाहीत." आम्ही मान हलवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होते. पण पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना आम्ही तोच दाखला दिला : नम्रता कशी असावी, तर त्या मावशींसारखी! मुलांनी वहीत लिहून घेतले.

त्या आठवड्यात कधीतरी लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उघडला आणि पायाखालची जमीन सरकली. मुलांना जे शिकवले ते उलटे होते. उठायचे होते ते पाहुण्यांनी. लाज वाटायला हवी होती ती आम्हांला. आणि मावशींच्या ज्या गप्प बसण्याला आम्ही नम्रता म्हटले, ती नम्रता होती की आयुष्यभर उठवले गेल्याची सवय, हे विचारण्याची तसदीही आम्ही घेतली नव्हती.

म्हणून आज स्पष्ट बोलायचे आहे. गर्वाविरुद्ध प्रवचने पुष्कळ होतात. आमचे भांडण त्याहून जवळच्या गोष्टीशी आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये नम्रतेचा उपदेश नेहमी वरून खाली वाहतो. सुनेला सांगतात नम्र हो. मजुराला सांगतात नम्र राहा. खेड्यातून आलेल्या प्रचारकाला सांगतात, बाबा, नम्रतेने सेवा कर, मानधनाचे काय घेऊन बसलास. कमिटीत हिशेब विचारणाऱ्या तरुणाला सांगतात, तुझ्यात नम्रता नाही. पुढच्या सोफ्यावर बसलेल्याला मात्र हा शब्द कोणी ऐकवत नाही. ज्याच्याजवळ खाली उतरायला एकही पायरी उरलेली नाही, त्याला आपण उतरायला सांगतो, आणि जो माडीवर बसला आहे त्याला हार घालतो. ही नम्रतेची शिकवण नाही, प्रियांनो. हा गर्वाचाच कारभार आहे, फक्त त्याने नम्रतेचा झगा घातला आहे.

पवित्र शास्त्र काय म्हणते ते नीट पाहू.

लूक १४ मध्ये प्रभू येशू एका प्रमुख परुश्याच्या घरी जेवायला गेला आहे. तिथे तो पाहतो की निमंत्रित लोक मानाच्या जागा धरत आहेत. मग तो बोलतो. कोणाशी? पाणी वाढणाऱ्या गड्यांशी नाही. निमंत्रितांशी. शेवटच्या जागी जाऊन बसा, हे त्याने पहिल्या जागेसाठी धडपडणाऱ्यांना सांगितले. आणि त्यानंतर तो यजमानाकडे वळतो (१४:१२–१४), हा भाग आपण सहसा वाचतच नाही. जेवण घालशील तेव्हा श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, गरीब, लुळे, लंगडे, आंधळे यांना बोलाव, असे तो त्याला सांगतो. म्हणजे दाखल्याचा एक भाग पाहुण्यांसाठी आहे आणि दुसरा मंडप घालणाऱ्यांसाठी. आम्ही मंडप घालणारे होतो.

याकोबाचे पत्र तर जणू आपल्याच सणाचा अहवाल वाटावा (२:१–४). सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो, मळक्या कपड्यांतला गरीबही येतो. एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायांशी बसायला सांगितले जाते. याकोब याला व्यवस्थेतील चूक म्हणत नाही. तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात, असा ठपका तो ठेवतो. आसनव्यवस्थेबद्दल इतके कडक शब्द! कारण मनुष्याला कुठे बसवतो त्यावरून आपण कोणत्या देवाला मानतो ते कळते.

आणि फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय. देवाच्या बरोबरीचा असून ज्याने ते धरून ठेवले नाही, स्वतःला रिकामे केले, दासाचे रूप घेतले, तो ख्रिस्त. इथे खाली कोण आला? जो सर्वांत वर होता तो. ख्रिस्ती नम्रतेची दिशा इथेच ठरली. ती वरच्याने खाली उतरण्याची गोष्ट आहे. खालच्याला खालीच ठेवण्यासाठी तिचा उपयोग करणे म्हणजे क्रूसाचा दरवाजाला अडसर म्हणून उपयोग करणे.

मग गरिबाने नम्र होऊ नये काय? असे कोणी विचारील. व्हावे. गर्व झोपडीतही राहतो, हे आम्हांला ठाऊक आहे. दारूच्या नशेत बायकोवर हात उगारणाऱ्या मजुरातही तो असतो. पण नम्रता आणि लाचारी यांत फरक आहे, आणि तो फरक प्रभूने स्वतः दाखवला आहे. महायाजकापुढे एका शिपायाने येशूच्या तोंडात मारली, तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असे त्याने विचारले (योहान १८:२३). ज्याने त्याच रात्री शिष्यांचे पाय धुतले त्यानेच हा प्रश्न विचारला. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना बेकायदा फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा पौल म्हणाला की आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे (प्रेषितांची कृत्ये १६:३७). हे गर्वाचे बोलणे होते काय? मोशे पृथ्वीवरील सर्व माणसांपेक्षा नम्र होता असे गणना १२:३ सांगते, आणि तोच मोशे फारोच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिला.

पवित्र मरियेचे गीत आठवा (लूक १:४६–५५). देवाने आपल्या दासीच्या दीनतेकडे पाहिले, असे ती म्हणते, आणि त्याच दमात बलवानांना आसनांवरून खाली ओढल्याचे, भुकेल्यांना तृप्त केल्याचे गाते. ही नाझरेथची मुलगी लाजून कोपऱ्यात बसलेली नाही. आपण तिच्या मूर्तीची नजर खाली झुकलेली करतो आणि तिचे गीत विसरतो.

अविलाची संत तेरेजा नम्रतेचा अर्थ सत्यात चालणे असा सांगत असे. आम्हांला ही व्याख्या फार उपयोगी वाटते. मी आहे तेवढाच आहे, त्याहून मोठा नाही, हे सत्य. आणि मी देवाच्या प्रतिमेचा आहे, त्याहून लहानही नाही, हेसुद्धा सत्य. श्रीमंताला पहिले वाक्य ऐकवले पाहिजे. ज्याला जन्मभर मागे बसवले त्याला दुसरे. आपण नेमकी अदलाबदल करतो.

आता थोडे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाच्या अभिमानाविषयी.

आमच्यात कोण कोण होऊन गेले, असे कोणी विचारले की आपण कोणाची नावे घेतो? रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई, नीळकंठशास्त्री गोऱ्हे. नावे थोर आहेत, प्रश्नच नाही. पण आपला सूर ऐका. "मोठे ब्राह्मण होते, शास्त्री होते, तरी ख्रिस्ती झाले." हा जो 'तरी' आहे ना, त्यात आपले सगळे पाप लपले आहे. ज्या मोठेपणावर त्या माणसांनी पाणी सोडले, त्याच मोठेपणाच्या पावतीवर आपण आपली किंमत वाढवून घेतो.

टिळकांची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. आपल्या गोंदियावरून जाते तीच लाइन. बालाघाटहून आपण लग्नकार्याला किंवा दवाखान्याला जाताना गोंदियाला गाडी बदलतो, त्याच रुळांवरची ही घटना. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. त्या काळी गोरा साहेब आणि काळा प्रवासी एका डब्यात म्हणजे अपमानाचीच अपेक्षा. पण हा माणूस अदबीने वागला, काव्याविषयी बोलला आणि उतरण्यापूर्वी नवा करार हातात ठेवून गेला. टिळकांनी तो वाचला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्षात घ्या : मराठीतल्या एवढ्या मोठ्या ख्रिस्ती कवीच्या प्रवासाची सुरुवात वादविवादात हरल्याने झाली नाही. सत्ताधारी जातीच्या एका माणसाने आपली सत्ता बाजूला ठेवून शेजारच्याशी माणसासारखे बोलल्याने झाली.

पुढे टिळक अहमदनगरला राहिले. एकोणिसाव्या शतकात त्या जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले होते. कोकणस्थ ब्राह्मण कवी त्यांच्यात राहिला, त्यांच्या मुलांना शिकवले, त्यांच्या उपासनेसाठी भजने आणि अभंग रचले. त्यांना मान खाली घालणे ठाऊक होते, आणि मान ताठ ठेवणेही. परदेशी मिशनऱ्यांनी एतद्देशीय ख्रिस्ती लोकांवर मालकासारखे राहावे हे त्यांना कधी पटले नाही, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बसावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली ते वारले. आज त्यांना कोणी कमिटीत घेतले असते, तर तिसऱ्या बैठकीत त्यांना सांगितले असते : तुमच्यात नम्रता नाही.

आणि लक्ष्मीबाई. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्यावरही सोवळे सुटले नव्हते. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. मग त्यांनी स्वतःशीच विचार केला की ही जात देवाने केली की माणसाने, आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडण्याआधी त्यांच्या घरातल्या पाण्याचे सोवळे सुटले! आपला क्रम पाहा. आपला बाप्तिस्मा जन्मल्यावर काही आठवड्यांत होतो, आणि पाण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्यांचे अकरा अध्याय झाले होते, आणि फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंनी पुढचे चौसष्ट लिहिले. शिकलेल्या कवीचे काम न शिकलेली बायको पूर्ण करते, यात कोण लहान आणि कोण मोठे?

पंडिता रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या. एवढ्या पदव्यांचे मनुष्य काय करते? भाषणे करीत फिरते. रमाबाई १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात आल्या. आपला बालाघाट जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी मुली आणि विधवा त्यांनी गोळा केल्या, केडगावला नेल्या, जगवल्या, शिकवल्या. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि तेही पंडितांच्या मराठीत नाही; थोडेफार वाचू शकणाऱ्या खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत. १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम संपवले. संस्कृत मुखोद्गत असलेल्या बाईने सोपे लिहावे, यासाठी केवढे मन लागते ते आम्हां बी.ए. झालेल्यांना विचारा. आम्हांला चार ओळींच्या प्रार्थनेतही 'सर्वसमर्थ', 'परमदयाळू' घातल्याशिवाय चैन पडत नाही.

तर ही माणसे आपला अभिमान आहेत असे म्हणताना एवढे तरी आठवावे, की ती उतरलेली माणसे आहेत. आणि जी माणसे आधीपासून खालीच होती, ज्यांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत, जंगलातल्या टोल्यावर पहिल्यांदा प्रार्थना म्हटली, मार खाल्ला, विहीर बंद झाली तरी विश्वास सोडला नाही, त्यांची नावे आपल्याला किती माहीत आहेत? तुमच्या मंडळीचा पहिला प्रचारक कोण, सांगता येईल? त्याची कबर कुठे आहे? इमारतीसाठी देणगी देणाऱ्याचे नाव संगमरवरावर आहे. पायी फिरून ती मंडळी जमवणाऱ्याचे नाव जुन्या रजिस्टरात असले तर असेल, तेही वाळवीने ठेवले असेल तर.

यापुढचे बोलणे काहींना झोंबेल. झोंबू द्या. आमच्यात जात नाही, असे आपण बाहेरच्यांना मोठ्या ताठ्याने सांगतो. पण मुलीचे स्थळ बघताना "मूळचे कुठले?" हा प्रश्न कशासाठी असतो, ते विचारणाऱ्यालाही कळते आणि ज्याला विचारला त्यालाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि त्यात मान्य केले की अस्पृश्यता आणि भेदभाव चर्चच्या आतही आहेत. पाप कबूल केल्याने चर्च लहान झाले नाही. उलट, मोठ्या संस्थेने आपला दोष छापून जाहीर करणे हीच खरी नम्रता. पण ते कागद किती मंडळ्यांत वाचून दाखवले गेले? बिशप वर कबुली देतात आणि आपण खाली अजून "आमच्यात नाही" म्हणतो!

आपल्या बालाघाटात आणखी एक पायरी आहे. आम्ही मराठी बोलणारे. बैहर, परसवाड्याकडचे गोंड बंधू-भगिनी सणाला येतात, कधी रात्रभर प्रवास करून. त्यांना आम्ही मंडपाच्या कडेला बसवतो. कार्यक्रमात त्यांचे काम काय, तर नाच. पाहुणे आले की मांदर वाजवून स्वागत करायचे, फोटो काढायचे. वाचन कोणी करायचे, विश्वासू जनांची प्रार्थना कोणी म्हणायची, कमिटीत कोण, तेव्हा त्यांची आठवण येत नाही. "त्यांना नीट बोलता येत नाही हो." आम्हांला गोंडी किती येते? या जिल्ह्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या, 'सेवा जोहार'च्या पुढे आमची गाडी सरकलेली नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. १५७९ साली गोव्याला आले. सत्ता पोर्तुगीजांची होती. लोकांनीच आपली भाषा शिकावी असे म्हणून ते मोकळे झाले असते. त्यांनी इथली भाषा शिकली, इतकी की १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून निघाले. सात समुद्रांपलीकडून आलेला मनुष्य आपली जीभ वाकवतो, आणि शेजारच्या टोल्यावरच्या भावाचे नाव आम्हांला धड उच्चारता येत नाही. नम्रता गुडघ्यांत असते असे आपण समजतो. ती जिभेतही असते, कानांतही असते.

पवित्र गुरुवारचेच घ्या. येशूने पाय धुतले (योहान १३), म्हणून आपणही धुतो. बारा जण कोण असतात? कमिटीचे सभासद, एखादे निवृत्त अधिकारी, दोन-चार देणगीदार. पांढरे कपडे, आणि घरून साबणाने धुऊन आणलेले पाय! ज्या पायांवर वेदीपुढे पाणी पडते ते पाय आधीच स्वच्छ असतात. २८ मार्च २०१३ रोजी, नुकतेच निवडून आलेल्या पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या, मुसलमानही होते. जगभर फोटो गेले. आपणही ते फोटो पुढे पाठवले, खाली हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. २०१६ साली या विधीत स्त्रियांनाही घेता येईल असा नियम आला. आता आम्हांला सांगा, त्यानंतर तुमच्या मंडळीत तेंदूपत्ता तोडणाऱ्या एखाद्या बाईचे भेगाळलेले पाय त्या परातीत आले का? भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत काम केलेल्या म्हाताऱ्याचे आले का? अंगण झाडणाऱ्या मावशींचे आले का? आमच्याकडे आले नाहीत. यादी करणाऱ्यांत आम्ही होतो.

आता आक्षेप.

पहिला : देणगीदारांचा, पाहुण्यांचा मान राखायला नको का? राखावा. आभार मानावेत, पाणी द्यावे, हात जोडावेत. पण मान म्हणजे दुसऱ्याला उठवून दिलेली जागा नव्हे. आणि खरा देणगीदार असेल तर मत्तय ६ प्रमाणे त्याचा उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, अशीच त्याची इच्छा असेल. संगमरवराचा आग्रह धरणाऱ्याला त्याचे फळ मिळून चुकले आहे, हे आम्ही नाही, प्रभूने म्हटले आहे.

दुसरा : अशा बोलण्याने मंडळीत फूट पडते. फूट आधीच पडलेली आहे, बंधूंनो. ती सोफा आणि दरी यांच्यामधल्या जागेत दिसते. दाखवणाऱ्यावर रागावून ती बुजत नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक जण उपाशी राही आणि एक जण धुंद होई, तेव्हा पौलाने एकोप्याच्या नावाखाली ते झाकले नाही, पत्रात लिहिले (१ करिंथ ११).

तिसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो : हे सगळे लिहिणाराच गर्विष्ठ नसेल कशावरून? असेल. धर्मशिक्षकाचा गर्व फार बारीक असतो. माइक हातात आला की तो सुटत नाही. मुले "सर, सर" म्हणतात ते गोड लागते. आणि नम्रतेवर छान लिहिले असे कोणी म्हटले की जी गुदगुली होते, तीच या पापाची शेपटी. म्हणून या लेखाची स्तुती करू नका. त्याऐवजी येत्या सणाला तुमच्या मंडपात जाऊन बघा.

काय करता येईल? फार मोठे काही नाही. राखीव सोफे बंद करा, किंवा ठेवायचेच असतील तर म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी ठेवा. पवित्र गुरुवारची यादी उलट्या टोकापासून सुरू करा. मंडळीच्या पहिल्या प्रचारकांची नावे जुन्या रजिस्टरांतून शोधा आणि मुलांना शिकवा. गोंडीतले एक गीत सगळ्यांनी शिका, नाच बघण्यापुरते नाही. आणि ज्याच्या हातात कोणतीही सत्ता नाही त्याला "नम्र हो" म्हणण्याआधी जीभ दाताखाली धरा. तो शब्द आधी आरशापुढे म्हणून बघा.

शेवटी मावशींचे सांगतो. बऱ्याच दिवसांनी धीर करून आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. आम्हांला वाटले होते त्या विसरल्या असतील, किंवा "जाऊ द्या" म्हणतील आणि आमचे मन हलके होईल. मावशी विसरल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मले वाटलंच होतं बाबू, कोणीतरी उठवन म्हणून. मी काही पुरी बसलीच नोती, टेकली होती फक्त."

टेकली होती फक्त. देवाच्या घरी, ज्या अंगणातला एकेक खडा त्यांनी उचलला आहे तिथे, त्या इतक्या वर्षांत कधी पुरत्या बसल्याच नव्हत्या.

मावशींनी चहा केला. घरात एकच खुर्ची होती, ती त्यांनी पदराने पुसून आमच्यापुढे ठेवली. आम्ही जमिनीवर बसलो. त्यांना ते आवडले नाही, दोनदा म्हणाल्या, "वर बसा ना." तिसऱ्यांदा आम्ही हट्ट केला की तुम्ही बसा. बऱ्याच वेळाने त्या बसल्या. कपबशी हातात घेऊन, पाठ टेकवून, पुऱ्या बसल्या.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू उतरलास, म्हणून आम्ही उभे आहोत. ज्यांना आम्ही उठवले त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांला दे. आमच्या ओठांवरची नम्रता आमच्या पायांत उतरू दे. तुझ्या मेजावर जो शेवटी बसतो त्याच्या शेजारी आम्हांला जागा दे. आमेन.